दोन गटांचं पान

लेकीची आई होती तवा लेकीचा फोन तिलेच येई. मायलेकी तासभर बोलत अन् शेवटी मोबाईल माह्या हातात येई. "जेवले का बाबा?" "जेवलो." "बरं." संपलं. आई गेल्यावर तेवढंच उरलं. मी पांढरकवड्यात, लेक बंगलोरात, अन् दोघांच्या मधात हे "जेवले का".

मग मीच एक काम काढलं. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून मी रिटायर झालो, तरी पोरं अजून घरी येतात. कोणी कापसाच्या दोन वाणांच्या बोंडांची वजनं आणते अन् विचारते, सर, सरासरीतला हा फरक खरा, की असाच आला? लेकीले म्हटलं, तू कम्प्युटरवाली, इंटरनेटवर मराठीत एक पान बनवून दे. इकडं एका गटाचे आकडे, तिकडं दुसऱ्याचे, बटण दाबलं की उत्तर.

दर रविवारी सकाळी ती व्हिडिओ फोनवर बसू लागली. पहिल्याच दिवशी गोंधळ! मी आकडे टाकले, तर पान म्हणे चूक. तिकडून ती खो खो हसत, "बाबा, तुम्ही मराठी आकडे टाकून राह्यले! त्याले इंग्रजीच समजतात."

मी भडकलो. "मराठी पानावर मराठी आकडे काहून चालत नाही? शिकव त्याले!"

शिकवलं बाप्पा तिनं.

मग ती विचारे, "एका गटाचे आकडे जवळजवळ अन् दुसऱ्याचे दूरदूर पसरलेले असले तर?" मी सांगे, ती म्हणे, "थांबा, परत सांगा." लहानपणी गणिताले बसवलं की पळून जाणारी पोट्टी ही! लय बरं वाटे मले.

पान होत आलं तसा माह्या जिवाले घोर लागला. बटण एवढं खाली कायले? रंग फिका आहे. उत्तराखाली एक ओळ पायजे, फरक दिसला नाही म्हणजे दोन्ही गट सारखेच, असं समजू नका. ती ओळ खरंच पायजे होती. बाकी सगळं नाटक. मागं तिचं लेकरू रडे, तरी बिचारी बदलून देई.

मागच्या रविवारी तिचे डोळे जागरणानं लाल दिसले. "अजून काही राह्यलं का, बाबा?"

रंगाचंच परत जिभेवर आलतं. गिळलं. "नाही बेटा. झालं. मस्त झालं."

आज रविवार. मुकुटबनच्या एका पोरीनं बोंडांचे आकडे टाकले, तेही मराठीत. उत्तर पटकन आलं, बरोबर आलं. ती गेल्यावर मी वाट्टेल ते टाकून पाह्यलं, रकाना रिकामा ठेवून पाह्यला. कुठंच अडत नाही हो. एखादी तरी चूक ठेवायची होती लेकीनं. आता काय सांगून फोन करू तिले?