गोदाबाईच्या स्लॅबवरचं ऊन

तर गजेंद्र त्या बाजेच्या कडेवर टेकला आणि चटका बसल्यासारखा उठला, इथपर्यंत आलो होतो आपण. चैत्राची दुपार. वलगावात गोदाबाईच्या घरी मोबाइलला रेंज म्हणून ती फक्त स्लॅबवर, म्हणून बिचारा वर चढला होता. बाजेवर जुनं लुगडं पसरलेलं, त्यावर कुरड्या वाळत होत्या, आणि गोदाबाई डोक्यावर पदर घेऊन त्या उलट्या करत होती.

गजेंद्र म्हणजे गोदाबाईचा पुतण्या. अकोल्याला नोकरीला. तिथं कोणत्याशा शिबिरात नुकताच जाऊन आलेला, त्यामुळे पोटात नवं ज्ञान मावत नव्हतं.

"काकू, एवढं ऊन वाया चाललं वं तुहं."

"ऊन काय दूध हाये, वाया जायले?"

"हसू नको. आता हवामान बदललं. हे ऊन दर साली वाढनच, कोणी थांबवू शकत नाई. मंग रडत बसाचं का धंदा कराचा? संकट म्हणू नको, संधी म्हण. अकोल्या-अमरावतीचं ऊन दुनियेत कोणाजवळ हाये?"

गोदाबाईनं त्या वेळी त्याला ताक प्यायला खाली पाठवलं. पण बोलणं डोक्यात राहिलं. त्या वर्षी तिच्या नवऱ्याचा, नत्थुजीचा, विहिरीवरचा सगळा पालक करपला होता. मेथी वीतभर होण्याआधीच फुलावर आली होती. गल्लीत सकाळ-संध्याकाळ उन्हाच्या नावानं शिव्या चालायच्या. त्यात एक माणूस ऊन आपल्या कामाचं आहे म्हणतो, हे तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, कोणालाही वाटलं असतं.

आता त्या गल्लीची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्या घरचा गहू भिजला त्या घरच्या बाईनं आदल्या संध्याकाळी दारातून नुसतं म्हणायचं, उद्या आमच्याकडे. तांबडं फुटायच्या आत साऱ्या बाया आपापला कुरड्यांचा साचा पदराखाली घेऊन हजर. मजुरी नाही, निमंत्रण नाही. वाटीभर गरम चीक, त्यावर साखर, की झालं. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आणि आभाळ आलं की ज्या बाईला आधी दिसलं तिनं धावायचं, मग बाज कोणाच्याही घरची असो. एकदा तर गल्लीतल्या जानरावांची आई हातातली पोळी तव्यावर सोडून दुसऱ्याच्या पापडांसाठी धावली होती. पोळीचा कोळसा झाला, पापड वाचले, आणि जानराव त्या दिवशी पापडच जेवले.

या रीतीत चुलीवरचा चीक हाटायचा, म्हणजे घोटायचा, तो सुभद्रानं. ही गोदाबाईची शेजारीण, भिंतीला भिंत. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गल्लीत आलेल्या. सुभद्राच्या हातच्या चिकात गाठ सापडत नसे, आणि गोदाबाईचा साचा अर्ध्यात अडकत नसे. एकीशिवाय दुसरीच्या कुरड्या कधी झाल्याच नाहीत.

पुढच्या वर्षी गजेंद्रच्या सल्ल्यानं गोदाबाईच्या स्लॅबवर उन्हावर चालणारे काचेचे ड्रायर आले. काळ्या ताटल्या, वर काच, आत भट्टीसारखी हवा. कुरड्या, मुंगवड्या, वाळलेला कांदा, संत्र्याच्या साली. बडनेऱ्याच्या नोकरदार बाया घेऊ लागल्या, मग अमरावतीची दुकानं, मग पाकिटावर छापलेलं नाव. होळीपासून मृगापर्यंत हंगाम लांबला. गल्लीतल्या बाया तिच्याकडेच यायच्या, फक्त आता रोजीनं. सुभद्राही यायची. पहिल्या दिवशी पैसे हातात घेताना ती हसली होती, "आता चीक नाई खाऊ घालत काय वं?" गोदाबाईही हसली होती. पण आता सगळा चीक मोजून पाकिटातल्या कुरड्यांसाठीच जाऊ लागला होता, हेही खरं.

अमरावतीत कुठल्याशा कार्यक्रमात गोदाबाईला बोलायला उभं केलं. तिनं माइक पकडला आणि म्हणाली, "लोकं उन्हाले भेतात. माहा तं ऊन भागीदार हाये." टाळ्या पडल्या. घरी येऊन तिनं ते नत्थुजीला दोनदा ऐकवलं. नत्थुजी विहिरीवरून आला होता, पाय धुवत होता. म्हणाला, "तुहा भागीदार माह्या पालकात येऊन जेवून जाते वं. त्याले सांग जरा." ती चिडली. पण पुढे पुढे तिलाच कळू लागलं, की सकाळी उठून आभाळ कोरडं दिसलं की आपल्याला आनंद होतो, आणि त्याच आभाळाखाली नवरा मान खाली घालून बसलेला असतो. असा आनंद कोणाला सांगता येत नाही.

आणि मग सुभद्राच्या मुलीचं, आरतीचं, लग्न ठरलं.

वऱ्हाडात रुखवत मांडलं की त्यात आईच्या हातच्या कुरड्या हव्याच. पाहुण्यांच्या बाया बाकी काही बघोत न बघोत, कुरडई उजेडाकडे धरून बघतात. सुभद्रा संध्याकाळी दारात आली आणि जुन्या रीतीनं म्हणाली, "उद्या आमच्याकडे, गोदा."

गोदाबाई पाकिटं भरत होती. मान वर न करता बोलली, "सीजन हाये वं. उद्या दुकानाची गाडी येते, बायाही साऱ्या इकडंच लागतीन. तू कायले मरतं? लागतीन तेवढी पाकिटं नेय. पैसे नको देऊ."

तिला वाटलं आपण मोठं मन दाखवलं. फुकट देत होती ना. सुभद्रानं पाकिटांच्या ढिगाकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून चीक हाटल्याचा आवाज येत होता. एकटीचाच. मधूनच थांबायचा, श्वास घेऊन परत सुरू व्हायचा. गोदाबाईनं तो ऐकला. गाडी दारात उभी होती, ती पाकिटं मोजत राहिली.

लग्नात रुखवतावर सुभद्राच्याच कुरड्या होत्या. तांबूस, मधे तुटलेल्या, जाड-बारीक. गोदाबाईनं पाठवलेली पाकिटं घरातल्या कोनाड्यात तशीच बंद. वरमायेकडच्या एका बाईनं कुरडई उचलली, बघितली आणि परत ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून सुभद्रा कामाला आली नाही.

त्यानंतरच्या चैत्रात एका संध्याकाळी अवकाळी आली. रोजीच्या बाया घरी गेलेल्या, नत्थुजी रानात, गोदाबाई खाली हिशेबाला बसलेली. ड्रायर पुरत नव्हते म्हणून निम्मा माल बाजांवर उघडा होता. वारा सुटला, पत्रे वाजले, ती धावत वर गेली तोवर गारा पडू लागल्या. दोन हातांनी किती उचलणार? काचा फुटल्या. कुरड्यांचा पुन्हा चीक झाला. तिनं गल्लीत पाहिलं. प्रत्येक दारात एक बाई उभी होती, आभाळाकडे बघत.

दुसऱ्या दिवशी भागीरथा, समोरची म्हातारी, सांगून गेली, आणि तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता हेच वाईट. "आमाले वाटलं, तुहा कंपनीचा माल हाये. त्याचा इमा असन. हात लावावं का नाई, कोणाले पुसावं?"

गजेंद्र अकोल्याहून आला, काचा गोळा केल्या आणि म्हणाला, "काकू, अवकाळी पण वाढनच. आपण शेड मारू. झाकून वाळवाचा माल महाग जाते. यातही संधी हाये."

बरोबरच बोलत होता तो. ऊन वाढलं होतं, त्यावर तिचं घर चाललं होतं, शेडही पुढे झाली. पण गोदाबाईच्या कानात त्या दिवशी भिंतीपलीकडचा तो एकटा आवाज होता. गाडी दुसऱ्या दिवशी बोलावता आली असती. दुकानवाल्यानं काय फाशी दिली असती?

या चैत्रात तिनं शेडला एक दिवस कुलूप लावलं. फळीवरचा आपला पितळी साचा काढला, चिंचेनं घासला आणि तांबडं फुटायच्या आत सुभद्राच्या दारात गेली. सुभद्रा अंगण झाडत होती. चूल थंड होती.

"गहू भिजवला नाई काय?" गोदाबाईनं विचारलं.

"कोणासाठी भिजवू? आरती गेली सासरी. आमा दोघाले लागलं तं तुह्याच शेडमधून आणीन पावभर." सुभद्रानं खराटा भिंतीला टेकवला. साच्याकडे पाहिलं. "मंग हा साचा घेऊन काहून आली तू?"

गोदाबाई म्हणाली, "ज्या दिवशी यायले पाह्यजे होतं त्या दिवशी आली नाई, म्हणून आज आली. चीक नसन तं नसू दे, मी इथं पायरीवर बसते. हाकललं तं उद्या सकाळी परत येईन."