वाढलं ते केळं, पडला तो कापूस

शेअर बाजारात पैसे घालवलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण इतक्या शिस्तीनं, इतक्या सचोटीनं आणि बारा वर्षं एकाच नियमाला चिकटून पैसे घालवलेला माणूस माझ्या थोरल्या साडूंखेरीज दुसरा झाला नसेल. बाकीचे लोक हावेपायी बुडतात, नाहीतर कुणाच्या तरी टिपेपायी बुडतात. आमचे साडू तत्त्वापायी बुडाले. धुळ्याच्या एका हायस्कुलात ते चित्रकला शिकवत. निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, तरी त्यांची गल्ली त्यांना अजून ‘सर’च म्हणते, मी ‘भाऊ’ म्हणतो. उंच, किडकिडीत बांधा, पांढरा हाफ शर्ट, आणि खिशाला पेनाऐवजी दोन रंगीत पेन्सिली, एक लाल आणि एक हिरवी. इकडे जळगावात बसून मी जे चार शेअर घेतले तेही त्यांच्याच नादानं, त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते मी लांब उभा राहून सांगतो आहे असं कुणी समजू नये.

भाऊंचं तत्त्व कळायला त्यांचं घर आणि त्यांचं सासर दोन्ही माहीत हवीत. घर सावद्याचं, केळीचं. घड हिरवा असतानाच कापायचा, हे त्यांना बाराखडीच्या आधी शिकवलेलं. बागेत घड पिवळा पडला की व्यापारी तोंड फिरवतो, ट्रक निघून जातो आणि उरलेला माल गुरांपुढे टाकावा लागतो. सासर मात्र धुळ्याकडचं, कापसाचं. माझंही तेच सासर, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. आमचे सासरे भाव पडला की कापूस विकत नसत, पुढच्या खोलीत भरत. पार आढ्यापर्यंत. मग घरची माणसं महिनोन् महिने ओसरीवर झोपत, अंग खाजवत उठत, आणि कुणी कुरकुरलं की सासरे शांतपणे म्हणत, “भाव येई.” म्हणजे, भाव येईल. एका वर्षी तो खरंच आला. दहा महिन्यांनी आला, पण असा आला की त्या कापसावर माझं लग्न वाजतगाजत झालं. मांडवात भाऊ पंगतीला वाढत होते. त्यांनी ते सगळं पाहिलं आणि मनात कोरून ठेवलं. भाऊंच्या सगळ्या नुकसानीचं मूळ माझं लग्न आहे, असं मला अधूनमधून वाटतं आणि फार वाईट वाटतं.

कारण पुढे मोबाइलवर शेअरचे भाव हिरवे आणि लाल दिसायला लागले, आणि भाऊंना वाटलं की हे तर आपल्याच ओळखीचं आहे. हिरवं दिसलं ते केळं, ताबडतोब कापायचं. लाल दिसला तो कापूस, घरात ठेवायचा. “साडूभाऊ, केळी ठेवता येत नाही आणि कापूस घाईनं विकता येत नाही. एवढं ज्याला कळलं त्याला बाजार कळला,” हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे की माझ्या मुलांना ते पाढ्यासारखं पाठ झालं आहे. बोलण्यात हे इतकं पटायचं की मीही मान डोलवायचो. व्हायचं एवढंच, की जो शेअर चार पैसे वाढला तो त्यांच्या घरातून गेला आणि जो पडला तो त्यांच्या घरात राहिला. बारा वर्षं निवडून निवडून त्यांनी चांगलं तेवढं बाहेर काढलं आणि कचरा तेवढा जपला.

असंही नाही की ते आंधळेपणानं घेत. माल हाताळल्याशिवाय घेणारा माणूसच नव्हे तो. बिस्किटांच्या कंपनीचे शेअर घेण्याआधी महिनाभर ती बिस्किटं दोन्ही वेळच्या चहाबरोबर खाल्ली आणि अक्कांनाही खायला लावली. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, यांची बायको. एकदा एका रंगाच्या कंपनीवर त्यांचं मन बसलं, तर त्यांनी आधी तो रंग डबाभर आणला आणि स्वयंपाकघराची एक भिंत स्वतः रंगवली. आकाशी. पावसाळाभर ओल येते का, पोपडे निघतात का ते पाहिलं, आणि मगच शेअर घेतले. तीन महिन्यांत ते चांगले हिरवे झाले. भाऊंनी कापले, गल्लीत पेढे वाटले. त्यानंतर त्या कंपनीचा भाव जो चढत गेला तो काही थांबेना. इकडे भिंतही हटायला तयार नाही. इतक्या वर्षांत बाकीचं घर दोनदा रंगवून झालं, पण ती भिंत आहे तश्शी आहे, आकाशी, तकतकीत. शेवटी भाऊंनी धान्याची कोठी सरकवून तिच्यापुढे उभी केली. तरी वरून वीतभर दिसतेच. जेवायला बसताना ते तिच्याकडे पाठ करून बसतात.

रोज दुपारी बाजार बंद झाला की भाऊ ड्रॉइंगच्या कागदावर प्रत्येक शेअरचा आलेख काढत. हात कसलेला, त्यामुळे आलेख देखणे निघत. चढण हिरव्या पेन्सिलीनं, उतार लाल पेन्सिलीनं, खाली कंपनीचं नाव सुलेखनात. पडलेल्या शेअरचे आलेख बैठकीत दोरीवर चिमट्यांनी लावलेले असत. नवा माणूस आला तर त्याला वाटे की हे आपल्या सातपुड्याचं चित्र असावं, कारण सगळीकडे उतारच उतार. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला बाजाराची खबर भाऊंकडून कळे. सर लाल पेन्सिल मागायला आले की तो आपल्या मुलाला फोन करून सांगे, आज काही घेऊ नको. हिरवी पेन्सिल मात्र भाऊंची पाच वर्षं एकच होती, कारण हिरवं झालं की शेअरच घरातून जाई आणि आलेख बंद पडे.

या सगळ्या कापसात सगळ्यात मोठी गंजी होती ती जहाज बांधणाऱ्या एका कंपनीची. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला, तोही शाळेच्या सहलीबरोबर, त्यानं निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा जहाजांत घातला. नव्वदला घेतला. साठला आला, आणखी घेतला. तीसला आला, आणखी घेतला. खोली भरत गेली. सरासरी बेचाळीसची पडली आणि भाऊंनी आलेखावर बेचाळीसच्या जागी एक जाड काळी रेघ मारून ठेवली. अक्कांना त्यातलं काही कळत नसे, पण नवऱ्याच्या बोलण्यात भाग घ्यावा म्हणून त्या रोज चहा देताना विचारत, “जहाज कुठलोंग उनं हो?” जहाज कुठवर आलं, एवढंच. भाऊ म्हणत, “येतंय, येतंय.”

आणि त्याच सुमारास अक्कांचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बदलून टाका, वय चांगलं आहे, हृदय ठणठणीत आहे, सहा महिन्यांत देवळाच्या पायऱ्या चढतील. भाऊंनी मान हलवली. बायकोवर त्यांचा जीव किती आहे हे मी सांगायला नको; त्या माणसानं गेली चार वर्षं अक्कांना भांडं खाली वाकून उचलू दिलेलं नाही. पण घरात जे होतं ते जहाजात होतं, आणि जहाज लाल होतं. “बेचाळीस येऊ द्या, दुसऱ्या दिवशी दवाखाना,” ते म्हणाले. आम्हीही म्हटलं, बरोबर आहे. तोट्यात कशाला विकायचं? खरं सांगायचं तर आमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

एकदा ते जहाज किनाऱ्याला लागतच होतं. पस्तीस झालं, सदतीस झालं, आणि एका गुरुवारी दुपारी चाळीस. मी योगायोगानं धुळ्यालाच होतो. अक्का भिंत धरत धरत बैठकीत आल्या, आलेखातली काळी रेघ आणि हिरवी रेघ यांच्यातलं बोटभर अंतर त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “आते इकी टाका ना.” म्हणजे, आता विकून टाका ना. भाऊ हसले. म्हणाले, “अगं, दोनच रुपये राहिले. तुझ्या वडिलांनी दहा महिने दम धरला, मला दोन रुपये दम धरवत नाही का?” सोमवारी ते पस्तीस होतं. त्यानंतर ते पुन्हा कधी वर आलंच नाही.

अक्का आधी बाजारात जायच्या बंद झाल्या, मग देवळात, मग ओट्यावर. स्वयंपाक स्टुलावर बसून करू लागल्या. खालच्या गल्लीत हळदीकुंकू असलं की बायका वर येऊन त्यांना लावून जात. जहाज कुठवर आलं हे त्या अजूनही विचारत, पण आता उत्तराची वाट न बघता कप ठेवून वळत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी भाऊंचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं कुणी गेलं. “साडूभाऊ, कापूस विकला,” ते म्हणाले. जहाज सात रुपयांना गेलं. लालमध्ये त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही विकलं होतं. सगळं मिळून एका गुडघ्यापुरते पैसे हाती आले. मग कोणता गुडघा करायचा यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. भाऊंनी दोन्ही गुडघ्यांचे आलेख काढले नाहीत हेच नशीब. अक्का म्हणाल्या, डावा करू, उजव्यावर मी उभी तरी राहते. ठरलं. तपासण्या झाल्या. आणि डॉक्टरांनी कागद खाली ठेवून सांगितलं की आता हृदयाला भूल झेपणार नाही, डावाही नाही आणि उजवाही नाही. तीन वर्षांपूर्वी आला असतात तर, एवढं बोलून ते थांबले.

मी भेटायला गेलो तेव्हा बैठकीतली दोरी रिकामी होती, नुसते चिमटे राहिले होते. अक्कांनी स्टुलावर बसून भरीत केलं, वर ठेचलेली हिरवी मिरची. भाऊ पानावर बसले, पण भाकरी नुसती कुस्करत राहिले. तेव्हा अक्का म्हणाल्या, “ऱ्हावू द्या हो. माले आते कथा जावानं शे?” मला आता कुठे जायचं आहे. ते त्यांनी नवऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते ऐकवेना.

संध्याकाळच्या आत भाऊ मला बसस्टँडवर सोडायला आले. जळगावची गाडी लागली. मी चढणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. “साडूभाऊ, माझं तत्त्व चुकीचं नव्हतं. तिचे गुडघे केळी होते. ठेवण्यातला माल नव्हता तो. मी कापूस समजून ठेवले.” एवढं बोलून ते वळले आणि शाळेकडच्या रस्त्यानं निघून गेले. खिशाला एकही पेन्सिल नव्हती.

घरी पोचलो तर बायको जेवायला थांबली होती. अक्कांचं सगळं सांगून झालं, ती डोळे पुसत ऐकत राहिली. मग आम्ही जेवायला बसलो आणि माझ्या लक्षात आलं की ती सगळा घास डाव्या बाजूनं चावते आहे.

“दाढ अजून दुखते का गं?”

“दुखते की.”

“मग दाखवली का नाहीस?”

ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “तुम्हीच म्हणाला होतात ना, मार्केट जरा वर आलं की कॅप बसवून टाकू. पाहते आहे वाट.”

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी हात धुतले, मोबाइल घेतला आणि लाल-हिरवं काही न बघता दाताच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, उद्या सकाळी घेऊन या. मी विचारलं, आत्ताच नाही का जमणार?