शांत होता म्हणून घेतला

आयुष्यातली एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातली खोट काढली. भोपाळच्या कारखान्यात वेल्डिंग तपासणं हे माझं काम. वेल्डर लोक मला पाठीमागे काय म्हणत ते मला ठाऊक आहे, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नव्हतं. जोडावर टॉर्च मारायची, भिंगातून बघायचं, लहान हातोडीने ठोकून कान द्यायचा. चांगला जोड खणकन वाजतो, आत तडा असला की आवाज बद्द येतो. मग त्यावर लाल फुली मारून मी पुढे निघायचो. असा हा माणूस साप विकत घ्यायला गेला आणि नेमका मरायला टेकलेला साप निवडून घरी घेऊन आला.

साप मला नको होता. मला सापांची भीती वाटते, आजही वाटते. तो माझ्या मुलीने मागितला होता.

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी हॉस्टेलवरून बॅग घेऊन परत आली, आमच्या टाउनशिपच्या क्वार्टरमधल्या मागच्या खोलीत शिरली आणि बाहेर यायचीच थांबली. आधी आम्हाला वाटलं, पेपर वाईट गेले असतील. मग वाटलं, कुणी मुलगा असेल. बायकोने नागपूरच्या बहिणीकडून फोनवरून दृष्टसुद्धा काढून घेतली. शेवटी डॉक्टर झाले. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "इसको अकेला मत छोड़िएगा." त्या वाक्याचा अर्थ मी आणि बायकोने एकमेकांना कधी विचारला नाही. घरी येऊन मी तिच्या दाराची आतली कडी काढून टाकली. एकेक स्क्रू निघत होता आणि बायको तो हातात घेत उभी होती.

पुढचे सहा महिने आमच्या घरात तीनच शब्द होते. हो, नाही आणि नको. त्यातही नको जास्त. आम्ही पाळीपाळीने जागत होतो, पाळीपाळीने रजा टाकत होतो, आणि एकमेकांवर खेकसत होतो, कारण तिच्यावर खेकसायची आमची हिंमत नव्हती. मग एका संध्याकाळी बायको तिचं ताट घेऊन आत गेली आणि ताट तसंच घेऊन बाहेर आली.

"अहो, तिने काहीतरी मागितलंय."

"काय?"

"साप. पाळायला."

मला हसू आलं. बायको हसली नाही. "पाल दिसली तरी मी पलंगावर चढते, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "तरी सांगते, आणा."

आपल्याकडचा साप पाळणं हा गुन्हा आहे. पण बाहेरच्या देशातला, पिंजऱ्यात जन्मलेला बॉल पायथन नावाचा छोटा अजगर रीतसर नोंद करून ठेवता येतो, हे मला मुलीच्या मेसेजवरून कळलं. मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत, दहा पावलांवर, तिने मला मोबाइलवर मेसेज पाठवला होता. सहा महिन्यांतला पहिला. निरोगी साप कसा ओळखावा याचे अकरा मुद्दे होते त्यात. मी वरचे दोन वाचले, डोळे स्वच्छ असावेत, अंगावर किडे नसावेत, आणि मोबाइल खिशात टाकला. तपासणी मला कोण शिकवणार!

टी. टी. नगरला मासे आणि पक्षी विकणाऱ्या एका दुकानात तीन साप होते. पहिला काचेवर तोंड आपटत होता. दुसरा दुकानदाराने माझ्या मनगटावर ठेवला, तर त्याने असा विळखा घातला की मी दुकानात ओरडलो आणि पिंजऱ्यातले पोपट माझ्यावर ओरडले. तिसरा मात्र गुणी. हातात घेतला तर दोरीसारखा पडून राहिला. जीभ नाही, फूत्कार नाही. फक्त मान वर करून छताकडे बघत होता, आणि मला त्याची ती ऐट फार आवडली.

"एकदम सीधा है साहब," दुकानदार म्हणाला.

"यही दे दो," मी म्हणालो.

यात माझी एकट्याची चूक नाही, आमच्या सगळ्या टाउनशिपची आहे. आमच्या क्वार्टरांच्या भिंती इतक्या पातळ की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो. तिथे चांगलं मूल म्हणजे ज्याचा आवाज शेजारी जात नाही ते. "तुमच्या मुलीचा तर आवाजच येत नाही हो," ही आमच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी, आणि ती मी कित्येक वर्षं छाती फुगवून घेतली होती. हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनीही तेच सांगितलं होतं. बहुत शांत बच्ची है, कोई शिकायत नहीं.

घरी आल्यावर मुलीने सापाच्या डब्याचं झाकण उघडलं, वाकली, कान जवळ नेला. तिचा चेहरा मी बघत होतो. तो आधी उजळला आणि मग हळूहळू विझला.

"बाबा, हा तोंड उघडून श्वास घेतोय."

"अगं, वर बघतोय तो."

"वर बघत नाहीये. त्याला दम लागतोय, म्हणून मान वर केलीय. सहावा पॉइंट होता, बाबा."

मी ऐकलं. नाकाशी बारीक शिटी वाजत होती. मोटरच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे सांगणाऱ्या माणसाला ती दुकानात ऐकू आली नव्हती.

तिने दहा दिवस त्या सापाची सेवा केली. खोलीतून ती हाका मारायची, गरम पाण्याची पिशवी द्या, थर्मामीटर द्या. बायको धावत द्यायची. आम्हाला साप मरतोय हे दिसत होतं आणि तरी घरात मुलीचा आवाज येतोय याचा आनंद होत होता, इतके आम्ही वेडे झालो होतो. मी डबा स्कूटरवर पायांत ठेवून जनावरांच्या दोन डॉक्टरांकडे गेलो. एकाने दुरूनच हात जोडले. दुसऱ्याने इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, फुफ्फुसात पाणी झालंय, फार उशीर केलात. अकराव्या दिवशी सकाळी साप मेला. मी त्याला मागच्या शेवग्याखाली पुरला. ती खिडकीतून बघत होती. मी हात धुऊन येईपर्यंत तिने तोंड भिंतीकडे केलं होतं.

त्यानंतर तिने जेवण सोडलं. पहिल्या दिवशी आम्ही समजूत घातली. दुसऱ्या दिवशी रागावलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर फोनवर म्हणाले, कल तक देखिए, नहीं तो भर्ती कर दीजिए. बायको माझ्याकडे आली. ती कधी मला टाकून बोलत नाही.

"बाजारात भेंडीसुद्धा मोडून बघता तुम्ही," ती म्हणाली. "एवढी एक गोष्ट तिने मागितली, तेवढी नाही का हो नीट बघता आली?"

मी खिशातून मोबाइल काढला आणि ते अकरा मुद्दे वाचले, दोनदा, चष्मा पुसून. हातात घेतल्यावर सापाने पकड घेतली पाहिजे. जीभ सारखी आतबाहेर झाली पाहिजे. उताणा केला तर त्याने लगेच सुलटं व्हायला हवं. नाकातोंडाशी फेस नको, शिटी नको. पाठीचं हाड वर आलेलं नको. विकणाऱ्याला आपल्यासमोर खाऊ घालायला सांगावं. आणि शेवटचा अकरावा मुद्दा, जो साप अगदीच गप्प, ढिला पडून राहतो तो शहाणा म्हणून घेऊ नये, बहुधा तो आजारी असतो.

ते तिने मला लिहून पाठवलं होतं. मी खिशात टाकलं होतं.

मी तिच्या खोलीत गेलो आणि पलंगाशी जमिनीवर बसलो. "माझं चुकलं," मी तिच्या पाठीला सांगितलं. "मला नाही जमलं. आपण दुसरा बघू, पण तू चल. तू निवड." पाठ हलली नाही. मग माझा धीर सुटला. मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहिणार नाही. हात जोडले हे आठवतं. रडलो हेही आठवतं. बऱ्याच वेळाने भिंतीकडूनच आवाज आला.

"तोही मेला तर?"

मेला तर काय, हा प्रश्न मलाच आतून पोखरत होता. नाही मरणार असं तोंडावर आलं होतं, पण खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती. "मला माहीत नाही, बाळा," मी म्हणालो.

का कोण जाणे, त्यावर ती उठली. बायकोने दिलेलं अर्धा ग्लास ताक प्यायली आणि विस्कटलेल्या केसांनी, घरातल्या चपला घालून माझ्या स्कूटरवर मागे बसली. सात महिन्यांत पहिल्यांदा. अरेरा कॉलोनीपर्यंत मी एका हाताने सारखं मागे चाचपत होतो, बसलीय ना.

तिथे एक दंतवैद्यीण बाई घरच्या मागच्या खोलीत हे अजगर वाढवायच्या. पत्ता मुलीनेच शोधला होता. मी टॉर्च आणि भिंग घेऊन गेलो होतो. बाईंनी ते बघितलं आणि हसू दाबलं. मी कागद मागितले, नोंदीचे कागद मिळाले. मग मी म्हणालो, हा मरणार नाही असं लिहून द्या.

"भाई साहब," बाई म्हणाल्या, "मैं तो दाँत का भी लिखकर नहीं देती." मग त्यांनी माझ्या मुलीकडे बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि हसू थांबवून तिला म्हणाल्या, "आओ बेटा, तुम देखो."

त्यांनी दोन साप काढले. एक बाईंच्या तळहातावर गोळा होऊन निमूट बसला. दुसरा झाकण उघडताच फुस्स करून अंगावर आला. मुलीने त्यालाच उचललं. तोंड बघितलं, पोट चाचपलं, पाठीवरून अंगठा फिरवला. साप तिच्या मनगटाभोवती घट्ट होत गेला, जीभ सारखी आतबाहेर. तो पुन्हा फुत्कारला आणि मी एक पाऊल मागे सरलो.

"तो दुसरा शांत आहे बघ," माझ्या तोंडून निघून गेलं. एकतीस वर्षांची सवय नव्हे, त्याहून जुनी.

तिने मान वर केली नाही. "मी पण शांतच होते, बाबा," ती म्हणाली. "हॉस्टेलमध्ये. इथे पण."

मी टॉर्च बंद केली. माझ्या हातातलं ते भिंग मला लपवावंसं वाटलं. लोखंड गप्प राहिलं तर मी लाल फुली मारत होतो, आणि स्वतःची पोर गप्प राहिली तर शाबासकी घेत होतो.

आम्ही फुत्कारणारा घेतला. बाईंनी बजावून सांगितलं होतं, नवीन जागी आठवडा दोन आठवडे खाणार नाही, घाबरू नका, सारखा हात लावू नका. पहिला आठवडा त्याने खाल्लं नाही. दुसराही नाही. बायकोने फ्रीजरमध्ये वाटाण्यांची पाकिटं एका बाजूला सरकवून सापासाठी आणलेल्या मेलेल्या उंदरांच्या पिशवीला जागा दिली होती, ती पिशवी तशीच. मुलगीही दोन घासांवर होती, आणि माझ्या डोक्यात ते दोन्ही एकच होऊन बसलं होतं. त्याने खाल्लं तर ती खाईल. दिवसातून दहा वेळा मी झाकण उचलून बघत होतो, श्वास चालू आहे ना.

तिसऱ्या रविवारी दुपारी ती आंघोळीला गेली होती. मी डबा उघडला. साप हलेना. मी टॉर्च मारली. तरी हलेना. मी बोटाने ढोसलं.

"बाबा!"

ती दारात उभी होती, केसांतून पाणी गळत होतं.

"किती वेळा सांगितलं हात लावू नका म्हणून! कळत नाही का तुम्हाला? जगू द्या ना त्याला! सारखं झाकण उघडून बघायचं, मेला का, मेला का! वैताग आणलाय नुसता!"

केवढ्याने ओरडली. पलीकडच्या क्वार्टरची खिडकी धाडकन उघडली. माझा हात डब्यातच राहिला होता.

"भाभीजी, क्या हुआ?" शेजारीण विचारत होती. "सब ठीक तो है?"

बायको पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली होती. ती रडत होती, ते तिच्या आवाजावरून कळत होतं.

"कुछ नहीं हुआ," ती म्हणाली. "हमारी बेटी चिल्ला रही है."