नव्या लुगड्याचा वास

शेजारून खरवसाचा वास आला आणि मला मुखेडचा आमचा गोठा आठवला. पहिल्यांदाच व्यालेली चंद्री, शेजारी तिचं ओलं वासरू. लग्नाहून परतलेली आई नव्या लुगड्यातच वासराजवळ वाकली. चंद्रीनं मान खाली घालून शिंगं रोखली, फुसकारली.

"हळू माघं ये, पाठ दावू नको," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "नव्या लुगड्यात वळखंना ती तुला."

आई सरकत दाराशी आली, तेव्हा बाबांनी तिच्या खांद्यावर शेणाच्या वासाचं रोजचं लुगडं टाकलं. चंद्रीनं लांबूनच हुंगलं आणि वासराला चाटू लागली.

तेव्हा मला ती गाय वैरीण वाटली होती. काल अत्तर लावलेल्या एका पाहुणीनं माझं तान्हं बाळ उचललं, आणि माझीही मान तशीच, शिंगं रोखल्यासारखी खाली गेली.