तीन शाळांचा तांदूळ

बायकोला जाऊन चार महिने झाले. घरात बूड टेकत नाही. उठतो, तलावापर्यंत जातो, पाणी न बघताच परत येतो. एक गोष्ट डोक्यातून हलत नाही, म्हणून लिहायला घेतली. शाळा तिसरीपर्यंतच झाली माझी. चुकलं तर चुकलं.

गोवा मिळायच्या आधीची गोष्ट. उधाणाच्या भरतीनं तिच्या माहेरच्या गावचा बांध फुटला. खारं पाणी घराघरांत शिरलं, साठवलेला तांदूळ गेला. ती दोन दिवस जेवली नाही.

"माजी आय उपाशी हाय नि मी जेवू?"

आमच्या घरात आमच्यापुरतंच होतं. म्हटलं, पनवेलच्या शाळांत जातो, पोरागणिक एक मूठ तांदूळ मागतो.

पहिल्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "लेखी अर्ज लागेल."

"अर्ज लिहिता आला असता तर मिठागरात टोपल्या उचलल्या असत्या का, गुरुजी?"

हसले. अर्ज स्वतःच लिहिला, माझी सही घेतली आणि स्वतःच मंजूर केला. उर्दू शाळेच्या मास्तरांनी तर काहीच विचारलं नाही. मुलींच्या शाळेतल्या बाईंनी विचारलं, "मुलींना कुठला तांदूळ आणायला सांगू?"

मला घाई. "तांदूळ तो तांदूळ, बाई." तिथंच माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पोरांनी आणलेला उकडा, साधा, लाल, सगळा मी एकाच गोणीत ओतला. रस्ता होता तिथवर गाडीनं, पुढं चिखलातून डोक्यावर. सासुरवाडीत गोणी सोडली तर शेजारची म्हातारी म्हणाली, "जावयबापू, ह्यो शिजवाचा कसा? उकडा शिजंपरत बाकीच्याचा चिखल व्हनार!"

उपाशी बाया, तरी हसल्या.

बायको माझ्याबरोबर आली होती. ती तडकली. "बाईंनी इचारलं व्हतं ना? तोंड काय घरी ठेवलं व्हतं?"

पण तिनंच मोठा टोप चुलीवर चढवला. भात झाला अर्धा कच्चा, अर्धा गिच्च. सासूनं पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत बसली. "दातांना काम लावलंस रं जावया," म्हणाली आणि ताट परत पुढं केलं. तेव्हा कुठं बायकोनं स्वतःला वाढून घेतलं. दोनदा घेतलं.

शेवटच्या आजारातही ती अशीच जेवेना. मी पेज केली, खाडीतली निवटी मासळी आणली, ओरडलो, हात जोडले. तोंड फिरवून घ्यायची. तेव्हाही मी चपला घालून घराबाहेर पडायचो. नाक्यावर उभा राहायचो. आता कोणाकडं जाऊन काय मागायचं, ते कळायचं नाही.