इंजिनाची बत्ती आणि आपला माणूस

गाडीच्या स्टिअरिंगमागच्या फलकावर इंजिनाच्या आकाराची पिवळी बत्ती पहिल्यांदा पेटली, तेव्हा लामता गावातले धान फुलोऱ्यावर येण्याच्या बेतात होते. माझ्या संशोधनाचे सगळे वाफे तिथेच होते. फुलोऱ्याच्या मोजक्या दिवसांत पाने खुडायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि बर्फाचे पाणी होण्याआधी बालाघाटच्या प्रयोगशाळेत पोहोचवायची. ही संधी हुकली, तर वर्षभर थांबणे आले. मला गाडी निर्दोष हवी होती ती एवढ्याचसाठी.

गाडी बाबांची, आणि तिची दुरुस्ती पहिल्यापासून बाबांच्या एका शाळासोबत्याकडे. मी त्यांना काका म्हणते. चढावर गाडी हिसके देत होती. एका सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नसावी, असा माझा अंदाज होता आणि तो मी बाबांना आणि काकांना सविस्तर सांगितला.

"बेटा, तू धानाची डॉक्टर," काका हसले. "गाडीचा डॉक्टर मीच राहू दे ना!"

संध्याकाळी मी बाबांबरोबर गाडी आणायला गेले, तेव्हा काकांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घे, गेली तुयी बत्ती."

"काका, बदललेला जुना पार्ट दाखवता का?"

त्यांनी बाबांकडे पाहिले. घरी पोहोचल्यावर बाबा म्हणाले, "परक्याले विचारतात असं. आपल्या माणसाले विचारते का कोणी?"

आमच्याकडे हा संकेत पक्का आहे. बाजारातल्या मिस्त्रीकडून निघालेला पार्ट पिशवीत घालून घरी आणायचा. आपल्या माणसाकडे तो मागणे म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणे. मी पार्ट पुन्हा मागितला नाही. बत्ती पुन्हा दिसली नाही. हिसके कधीमधी जाणवत, पण ते रस्त्याचे असावेत, असे मी स्वतःला समजावले.

फुलोऱ्याच्या शेवटच्या दिवशी पाने खुडली, तेव्हा ऊन कडक होते. लामता मागे पडले, जंगलाचा पट्टा सुरू झाला आणि गाडी जोरात थरथरून बंद पडली. मी किल्ली पुन्हा फिरवली. त्या क्षणी फलकावरच्या सगळ्या बत्त्या एकदा उजळतात. गाडी स्वतःची तपासणी करते ती अशी. तेलाची उजळली, बॅटरीची उजळली, ब्रेकची उजळली. इंजिनाच्या जागी अंधार होता. मी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा अंधार. दोष गेला असता, तरी ती बत्ती या क्षणी दिसायलाच हवी होती.

धानाच्या पोत्यांनी भरलेल्या एका पिकअपने गाडी ओढत शहराच्या वेशीपर्यंत आणली. तिथल्या अनोळखी मिस्त्रीने फलक उघडला. इंजिनाच्या बत्तीवर आतून काळ्या टेपचा तुकडा होता, कडा नीट कापून बसवलेला. ठिणगी देणारी कॉइल जुनीच होती; तिच्यावरची धूळसुद्धा कुणी पुसली नव्हती. प्रयोगशाळेत पेटी उघडली तेव्हा बर्फाचे कोमट पाणी झाले होते आणि पाने काळवंडून लिबलिबीत पडली होती. दुसऱ्या दिवशी वाफ्यांवर गेले, तर फुलोरा सरून दाणा धरू लागला होता.

मी काकांकडे गेले.

"टेप काहून लावली, काका?"

ते जराही दचकले नाहीत. "बत्तीच बंद करायची होती ना? केली बंद. तुया बाबालेच विचार. तेच म्हणाले, पोरगी उगाच घाबरून राह्यली, तिले दिसलीच नाही पायजे."

घरी येऊन विचारले, तर बाबांनी नाकारले नाही. वर्तमानपत्राची घडी करत ते म्हणाले, "इतकी वर्षं चालवली मी ते गाडी. कधी दगा नाही देल्ला तिनं. तू एक बत्ती पाहून झोप उडवून घेतली होती. तुयासाठीच केलं."

"मी तुम्हाला कारण सांगितलं होतं, बाबा. अंदाज सांगितला होता."

"हौ, सांगितलं होतं." आणि ते पुन्हा वाचू लागले.

टेप काकांनी लावली होती, तरी त्यांच्याबद्दल मला फक्त राग होता. बाबांचे तसे नव्हते. माझ्या प्रत्येक निकालाची बातमी वॉर्डभर सांगत फिरणाऱ्या माणसाने माझे निदान मात्र भीती म्हणून बाजूला सारले होते आणि ते झाकण्यासाठी माझ्या पाठीमागे दुसऱ्याची मदत घेतली होती. त्यांना माझ्या पदव्यांचा अभिमान होता; माझ्या म्हणण्यावर विश्वास नव्हता. या दोन गोष्टी एकच आहेत, असे मी तोवर धरून चालले होते.

त्या रविवारी काका नेहमीसारखे घरी आले. आईने चहा माझ्या हाती दिला. मी कप त्यांच्यासमोर ठेवला.

"काय बेटा, राग आला का आमचा?"

"हौ, काका. दोघांचाही."

काका मोठ्याने हसले. बाबाही हसले, आणि म्हणाले, "पाह्य, कशी बोलते!"

मी किल्ली त्या दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवली आणि लामत्याची बस विचारायला स्टँडवर गेले.