शिवीची चकती

फिलोमेना राटशिलर तोंडाने फटकळ, पण ईस्टरआधीच्या उपवासाच्या पहिल्या रविवारी तिने कधी कुणाला वाईट म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी गाव टेकडीवर जमतं, लाकडाच्या चकत्या जाळात लाल करतं आणि काठीच्या टोकाला लावून दरीत भिरकावतं. चकती कुणाची, त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. प्रेमाची चकती असते, तशी शिवीचीही असते. शिवीच्या चकतीवर ज्याचं नाव आलं, त्याने चूक निस्तरल्याशिवाय गावात मान वर करायची नाही, ही रीत. फिलोमेना दर वर्षी आपल्या ब्रुना गाईच्या नावाने प्रेमाची टाकायची आणि गाव हसायचं.

गेल्या उन्हाळ्यात हॉटेलवाल्या गुस्टलने तिच्या कुरणाचं पाटाचं पाणी आपल्या पोहण्याच्या तलावाकडे वळवलं. गवत करपलं. दोन गाई विकाव्या लागल्या. पाणी आलं नाही तर आता ब्रुनाही जाणार. तक्रार न्यावी तर पाणी समितीचा अध्यक्ष गुस्टलच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! वर याच गृहस्थाने चकत्यांचा सण गावाचा वारसा म्हणून मिरवायला काढला, बस भरून पाहुणे आणले आणि यंदा फक्त गोड नावं घ्या, अशी तंबी दिली.

फिलोमेनाने चकती फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ही कुणाची? गुस्टलची. माझं पाणी पळवणाऱ्याची."

चकती लांब गेली. पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार? पण गुस्टलही हसत टाळ्या वाजवू लागला, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याने शिवीचाही तमाशा करून टाकला होता.

"टाळ्या कसल्या वाजवतोस? गावासमोर शिवी घातलीय तुला. पाणी नेलंस, आता रीतही विकलीस का?"

"चालू द्या, मावशी," गुस्टल म्हणाला. "पाहुण्यांना आवडतंय."

तेव्हा म्हातारा कासियन जाळापाशी आला. बायको गेल्यापासून तो वर्षाला एकच चकती टाकायचा, तिच्या नावाची. तीच त्याने काठीला लावली.

"रोझिना, यंदा माफ कर हं," तो पुटपुटला. मग मान वर करून म्हणाला, "ही कुणाची? गुस्टलची."

त्याच्यामागून पाववाली आली, मग चर्चची घंटा वाजवणारा, मग गुस्टलचा सख्खा भाऊ. प्रत्येकाच्या तोंडी तेच नाव. पाहुणे दर वेळी टाळ्या वाजवत राहिले. गुस्टलचे हात मात्र केव्हाच खिशात गेले होते.